केसांसाठी एरंडेल: घाण्याचे की रिफाइन्ड?

देशातली बहुतेक एरंडी गुजरातेत पिकते, मुख्यतः उत्तरेकडच्या मेहसाणा, पाटण, बनासकांठा भागात.

घाण्याचे एरंडेल पिवळसर, चिकट, उग्र वासाचे. बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल काढले, तर ते आणखी गडद होते. कारखान्यात हेच तेल मातीतून गाळून रंग काढतात, वाफ देऊन वास घालवतात. ते झाले रिफाइन्ड. यात ई जीवनसत्त्वासारखे घटक थोडे कमी होतात. पण एरंडेलाचा दाटपणा ज्यामुळे येतो ते रिसिनोलिक आम्ल दोन्हींत सारखेच, सुमारे 85 ते 90 टक्के. बियांतले विष, रिसिन, तेलात न उतरता पेंडीत राहते. म्हणून बिया लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

आता मुद्दा केस वाढण्याचा. दोन्हींपैकी कोणत्याही एरंडेलाने नवे केस उगवतात, असा भक्कम पुरावा नाही. केसावर थर बसतो, चमक येते, तुटणे कमी झाल्यासारखे वाटते, एवढे खरे. माझे मत विचाराल तर भाजून काढलेल्या गडद तेलासाठी जास्त पैसे मोजू नका. वास सोसत नसेल तर रिफाइन्ड खुशाल वापरा. मात्र नुसते थापू नका. चमचाभर एरंडेल तीन-चार चमचे खोबरेलात मिसळा, टाळूला हलके लावा. लांब केसांना तर बेतानेच. एरंडेल लावून धुतल्यावर केसांचा नमद्यासारखा गोळा होऊन ते कापावे लागल्याची नोंद भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केली आहे. केस अचानक पुंजक्यांनी गळू लागले, तर तेल बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.