कडी बदलली, नाव तीच राहिली का?

मागच्या व्याख्यानात आपण राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा रथाचा संवाद पाहिला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जूही नव्हे; मग रथ आहे कुठे? ग्रीकांकडे हाच प्रश्न थीसिअसच्या जहाजाचा, प्लुटार्कने नोंदवलेला. एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का?

व्याख्यान संपल्यावर आपल्या आंजीतल्याच एका तरुणानं मला गाठलं. त्याच्याकडे मासेमारीची ॲल्युमिनियमची छोटी नाव आहे. म्हणाला, ‘‘सर, रथाचं ठीक आहे. पण माझ्या नावेची ओढायची कडी झिजली, दोर बांधायचे खुंटे हलतात. बदलू कसे?’’ आजचं व्याख्यान या प्रश्नावर. माझ्या मते तो प्लुटार्कच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. प्लुटार्क धरून चालतो की नवी फळी जुनीच्या जागी मुकाट बसते, शेजाऱ्याला काही करत नाही. धातूंच्या बाबतीत तसं होत नाही.

आधी झीज बघू. दोर किंवा साखळी जिथे घासते तिथे कडी बारीक होते. 10 मिलिमीटरची गोल सळई 8 मिलिमीटर झाली, तर आपल्याला वाटतं पाचवा भागच गेला. पण ताण पेलतो तो आडवा छेद, आणि तो व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणजे उरला 64 टक्के. तिकडे पाण्याचा वेग दुप्पट झाला की नावेवरची ओढ साधारण चौपट. जुलै 2022 मध्ये हिंगणघाटकडे पूर आला, तो आपल्या जिल्ह्यानं पाहिलाय. उन्हाळ्यात धामच्या संथ पाण्यात टिकलेली कडी तशा पाण्यात टिकेल असं समजू नका. जाडी दहावा हिस्सा कमी झाली की बदला.

आता तरुण काय करतो? बाजारातून जाड, चकचकीत स्टेनलेस स्टीलची कडी आणतो आणि बोल्टनं थेट पत्र्यावर आवळतो. भाग आला जास्त मजबूत, पण जोड आतून कमजोर व्हायला लागतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल असली, की ती एक बॅटरी होते. त्यात झिजतं ॲल्युमिनियम. स्टील तसंच चकाकत राहतं! नाव सगळी खाल्ली जात नाही, पत्रा पुष्कळ आहे; पण भोकाच्या कडा खाल्ल्या जातात, पांढरी भुकटी दिसू लागते, आणि नेमका तिथेच सगळा ताण असतो. समुद्रात हे लवकर होतं, आपल्या गोड्या पाण्यात सावकाश. पितळ किंवा तांबं तर नावेला लावूच नका.

इतिहासात याचा फार सुंदर दाखला आहे. 1761 मध्ये ब्रिटिश आरमारानं ‘अलार्म’ या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. 1763 मध्ये पाहिलं तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे गळून गेलेले. काही खिळे मात्र शाबूत. का? पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तिथे निघालाच नव्हता. व्होल्टाची बॅटरी आली 1800 मध्ये. त्याआधी सदतीस वर्षं एका कागदानं तिचा इलाज सांगून ठेवला होता.

तेव्हा आपणही कागदच ठेवायचा, जरा बऱ्या प्रतीचा. कडीखाली नायलॉनचा किंवा रबराचा तुकडा, बोल्टच्या दांड्यावर नायलॉनची नळी, दोन्हीकडे नायलॉनचं वॉशर, आणि भोकात पाणी शिरू नये म्हणून पॉलियुरेथेनचं सीलंट. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन नको. वाळताना ते आम्ल सोडतं. आतल्या बाजूला नुसतं वॉशर पुरत नाही, ॲल्युमिनियमचीच जाड पट्टी लावा, म्हणजे ताण हातभर पत्र्यावर पसरेल. पट्टीऐवजी लाकडाचा तुकडा लावतात, पण तो ओल धरून ठेवतो. भोक मोठं झालं असेल तर मोठा बोल्ट घालून वेळ मारून नेऊ नका. खुंटा जरा सरकवा आणि जुनं भोक बुजवा.

बुजवायचं म्हणजे वेल्डिंग आलं. नांगराचा फाळ जोडणाऱ्या दुकानात नाव नेऊ नका. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरची ऑक्साइडची साय वितळायला 2000 च्या वर तापमान लागतं. म्हणजे वरून कातडी शाबूत दिसते आणि आत धातू ठिबकत असतो. (वेदान्ताच्या वर्गात हा दृष्टान्त मला मिळाला असता तर!) आर्गॉन वायू वापरणारा कारागीर वर्धा-नागपूरकडे शोधावा लागेल.

ओढायची कडी नाकावर खाली, पाण्याच्या जवळ असते. ओढताना दोर नाक वर उचलतो. ती झिजली म्हणून दोर वरच्या खुंट्याला बांधला तर नाक खाली दबतं, पाणी आत येतं. आणि नायलॉनचा दोर रबरासारखा ताणतो. खुंटा उपटला तर तो दोरासकट गोळीसारखा मागे येतो. दोराच्या रेषेत कोणालाही उभं करू नका, मुलांना तर मुळीच नाही.

सगळं बसवल्यावर सीलंटला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. मग नाव पाण्यात घालायच्या आधी, काठावरच, दोर बाभळीला बांधून चार माणसांनी हळूहळू ओढून बघा. एकानं दोरापासून दूर राहून आतली पट्टी वाकते का ते पाहायचं. मृगाआधी दरवर्षी एक बोल्ट उघडा. पांढरी भुकटी दिसली तर बाकीचेही उघडा.