व्यवस्थापकाच्या व्यवहारांचें मोल

कॅनडांत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचा सामना जितका रिंगणांत रंगतो, तितकाच तो एखाद्या कचेरींतहि चालूं असतो. कोणता खेळाडू घ्यावा, कोणता द्यावा व कोणास राखावें, हें तेथें बसलेला संघाचा व्यवस्थापक ठरवितो. त्याच्या कर्तृत्वाचें माप कसें घ्यावयाचें? चषक मोजणें हा सोपा मार्ग खरा. परंतु चषकांत खेळाडू, शिक्षक आणि दैव या तिघांचाहि वांटा असतो.

माँट्रियलच्या ‘कॅनेडियन्स’ संघाचे व्यवस्थापक सॅम पोलॉक यांचें उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. १९६४ पासून १९७८ पर्यंत त्यांनीं हें काम पाहिलें व त्या अवधींत संघानें स्टॅनले चषक नऊ वेळां जिंकला. १९६७ सालीं स्पर्धेंतील संघ सहाचे बारा झाले. नव्या संघांना तयार खेळाडूंची निकड होती आणि पोलॉक यांच्यापाशीं ते विपुल होते. म्हणून खेळाडू देऊन ते नवोदितांच्या वार्षिक निवडींतील पाळ्या मिळवीत. या निवडींत तळाच्या संघाची पाळी सर्वांआधीं येत असे.

१९७० च्या मे महिन्यांत त्यांनीं ओकलंडच्या ‘सील्स’ संघास एर्नी हिकी हा तरुण खेळाडू व आपली त्या वर्षाची पहिली पाळी दिली. उलट त्यांची १९७१ ची पहिली पाळी घेतली. पुढें ‘सील्स’ तळाशीं गेले आणि त्या पाळीवर माँट्रियलला गी लाफ्लेर लाभला. १९७४-७५ पासून सलग सहा हंगामांत त्यानें प्रत्येकीं पन्नास वा अधिक गोल केले. ‘सील्स’ तळाशींच राहावे म्हणून पोलॉक यांनीं राल्फ बॅकस्ट्रॉम यास लॉस एंजेलिसच्या संघाकडे धाडलें, अशी आख्यायिका आहे. परंतु हंगामाअखेर त्या दोन संघांत १८ गुणांचें अंतर होतें. तें सगळें एका माणसाच्या पदरीं घालणें न्याय्य नव्हे.

व्यवहाराची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. जानेवारी १९७१ मध्यें फ्रँक महोव्हलिच यास आणतांना डेट्रॉइटला तिघे खेळाडू द्यावे लागले. त्यांपैकीं मिकी रेडमंड यानें तेथें सलग दोन हंगाम पन्नासांहून अधिक गोल केले. तरीहि १९७१ व १९७३ चे चषक माँट्रियलनें महोव्हलिचसह जिंकले. म्हणजे किंमत मोठी होती, पण माल खोटा नव्हता.

चुकाहि झाल्या. १९७७ सालीं दहाव्या पाळीवर मार्क नेपियर निवडला गेला. पंधराव्या पाळीवर न्यूयॉर्कच्या ‘आयलंडर्स’ संघास माइक बॉसी मिळाला व त्या संघानें १९८० ते १९८३ असे चार चषक जिंकले. मात्र बॉसीस सोडणारे पोलॉक एकटे नव्हते, हेंहि विसरतां कामा नये.

तात्पर्य, निर्णयाच्या वेळीं काय ठाऊक होतें, मिळालें त्याबरोबर काय गमावलें आणि वारसदारासाठीं काय उरलें, हे तीन प्रश्न विचारल्याविना निवाडा देऊं नये. पोलॉक गेल्यावर, १९७९ सालींहि चषक माँट्रियलकडेच राहिला. ‘सील्स’ मात्र १९७६ सालीं क्लीव्हलंडला हलले व १९७८ सालीं दुसऱ्या संघांत विलीन झाले. उद्यांची पुंजी आज विकणाऱ्या संघांनीं हा शेवट ध्यानीं ठेवण्याजोगा आहे.