एकाच तारेतून वीज आणि वार्ता



आपल्या प्रवराकाठी, कोल्हारच्या परिसरात, वस्त्या मळ्यामळ्यांतून विखुरलेल्या आहेत. अशा ठिकाणी दारोदार तार नेण्यापेक्षा मनोऱ्यावरून मनोऱ्याकडे बिनतारी लहरींनी इंटरनेट पोचवणे सोपे. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात बिनतारी मार्गानेच गावे जोडली. २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत त्या प्रकल्पास पहिले पारितोषिक मिळाले.

परंतु बिनतारी म्हटले, तरी मनोऱ्यावरच्या रेडिओला वीज लागतेच, आणि ती तारेवाचून जात नाही. घरातली २३० व्होल्टची वीज थेट वर नेली आणि पावसात जोड भिजला, तर वर चढणाऱ्याच्या जिवाशीच गाठ! म्हणून युक्ती निघाली ती अशी, की जी केबल संदेश नेते, तिच्यातूनच कमी दाबाची वीज न्यावी.

यात नवल नाही. जुन्या टेलिफोनसाठी घरात विजेचे बटण नसे. एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटरीची वीज बोलण्याच्याच तारांवरून येई. इथरनेटच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. मंद वेगाच्या पद्धतीत दोन जोड्या संदेश वाहतात आणि उरलेल्या दोन वीज नेतात. वेग वाढला, की चारही जोड्या संदेशाला लागतात. मग वीज जाते कोठून? संदेश असतो जोडीच्या दोन तारांतील फरकात. दोन्ही तारांवर विजेचा दाब सारखाच ठेवला, तर तो फरक जसाच्या तसा राहतो.

या पद्धतीचा नियम २००३ साली ठरला. उगमाशी १५.४ वॉट, शंभर मीटर केबलीच्या वाटखर्चीनंतर यंत्राला हमखास १२.९५ वॉट. नियम पाळणारा उगम आधी अल्प दाबाने चाचपणी करतो आणि पलीकडे २५ हजार ओहमचा ओळखीचा रोध आढळला तरच पुरी वीज सोडतो. मनोऱ्यांवरील पुष्कळ रेडिओंबरोबर मात्र २४ व्होल्टचा साधा डबा येतो. तो काही विचारीत नाही. भलते यंत्र जोडले, तर ते जळू शकते.

आता हिशेब पाहा. रेडिओ आठ वॉटचा, केबल शंभर मीटर. २४ व्होल्टने वीज धाडली, तर वाटेत सुमारे दीड वॉट उष्णतेत जाते. ४८ व्होल्टने धाडली, तर पाव वॉटच्या आसपास. दाब दुप्पट म्हणजे प्रवाह निम्मा, आणि नुकसान प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे घटते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल घेतली, तर रोध सुमारे दीडपट होतो. आज वाचलेले पैसे उद्या रेडिओ वारंवार बंद पडण्यात जातात.

भारनियमनातही ही पद्धत कामी येते. बारा व्होल्टच्या, सात ॲम्पिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडल्या, तर त्यांची निम्मी शक्ती वापरूनही असा २४ व्होल्टचा रेडिओ सुमारे आठ तास चालतो. इन्व्हर्टरची गरज नाही.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. वळवाच्या दिवसांत आकाशातील विजेलाही घरात उतरण्यास हीच केबल वाट देते. म्हणून केबल धातूच्या आवरणाची असावी, मनोरा व आवरण नीट भूमीशी जोडावे, आणि दोन्ही टोकांना वीजरोधक बसवावा. ज्या तारेने आपल्या मुलाचा अभ्यास घरात येतो, तिच्यावरून संकट येऊ नये, एवढी काळजी आपल्या हाती आहे.