बार वर, आपण खाली
लोखंडाशी ओळख : लेखांक ९

गेल्या आठवड्यात डेडलिफ्ट झाली. तिच्यानंतर स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) घ्यायचं मुद्दाम ठरवलं, कारण बहुतेकांची वाट अशीच जाते. वर्ष-दीड वर्ष स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट करून अंगात बळ येतं, मग एक दिवस मोबाइलवर कुणीतरी जमिनीवरचा बार एका दमात डोक्यावर नेताना दिसतो आणि हात शिवशिवायला लागतात.

माझंही तेच झालं. डेडलिफ्ट १२० किलोची होती, म्हणून पहिल्याच दिवशी २० किलोच्या बारला दहा-दहाच्या प्लेटा चढवल्या. एकूण ४० किलो. म्हटलं, हे काय! बार डोक्यापर्यंत गेला खरा, पण माझ्यापासून हातभर पुढून. त्याच्या मागे मी तीन पावलं धावलो आणि तो फरशीवर आदळला. जिमच्या मालकांनी मला फरशीची किंमत सांगितली, तीही सगळ्यांदेखत.

चूक ताकदीचीच होती. बळ असलेला माणूस बार हातांनी ओढतो. स्नॅचमध्ये हात म्हणजे पोहऱ्याचा दोर. दोर स्वतः ओढत नाही, ओढणारा दुसराच असतो. इथे ते काम पाय आणि कंबरेचं. बार जमिनीवरून सुटतो तो डेडलिफ्टसारखाच, बेताने. गुडघे ओलांडले की तो मांड्यांना घासत जांघेपर्यंत येतो आणि तिथे पाय व कंबर एकदम ताठ होतात. त्या क्षणी कोपर वाकलेलं असेल, तर पायांचा जोर वाकलेल्या कोपरातच जिरतो. कोपर सरळ असेल, तर बार हलका झाल्यासारखा वर उडतो, तोही छातीच्या आसपासच. उरलेलं अंतर बार जात नाही, आपण जातो, खाली, बैठकीत. हे सगळं जेमतेम सेकंदभरात उरकतं. ज्याला बारखाली घुसायची भीती वाटते, तो कितीही बलवान असो, बार खांद्याच्या वर नेऊन तिथेच कुस्ती करत राहतो.

म्हणून शिकायचं वरून खाली. आधी लाकडी काठी घेऊन डोक्यावर हात ताणलेली बैठक. मग बार मांडीवर धरून, मग गुडघ्याच्या वरून. यालाच हँग म्हणतात. जमीन सगळ्यात शेवटी. याला एक व्यावहारिक कारणही आहे. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार नडगीच्या मध्याशी येतो. आपल्याकडच्या जिममधल्या दहाच्या लोखंडी प्लेटा ताटाएवढ्या. त्या लावून जमिनीवरून उचलायचं, तर पाठ आधीच वाकते. हँगमध्ये ही कटकट नाही. पकड मात्र पहिल्या दिवसापासून हुक ग्रिपचीच ठेवा : अंगठा बारला वेढून त्याच्यावर दोन बोटं. दोन आठवडे अंगठा ठणकेल. ठणकू द्या, पट्टी लावा.

आता रोजच्या व्यायामात हे बसवायचं कुठे? अगदी सुरुवातीला. अंग गरम झालं की वीस-पंचवीस मिनिटं, एका दिवशी स्नॅच, पुढच्या खेपेला क्लीन अँड जर्क, प्रत्येक सेट दोन-तीन रेपचा. वेग मंदावला की थांबायचं. पाच पाच रेपची सवय इथे नडते : चौथ्या रेपला पाय दमतात, हात मदतीला येतात, आणि नेमकी जी खोड मोडायची तीच आपण घोटत बसतो. त्यानंतर नेहमीचा स्क्वॉट, बेंच. स्क्वॉटच्या एका दिवशी फ्रंट स्क्वॉट घ्या, क्लीनला तो थेट कामी येतो. जड डेडलिफ्ट आठवड्यात एकदाच, आणि स्नॅचच्या आदल्या दिवशी अजिबात नको. बेंच सोडायची गरज नाही. ‘बेंचने खांदे जाम होतात’ हे मी बरंच ऐकलंय. माझ्या पाहण्यात ज्यांचे जाम होतात ते फक्त बेंचच मारतात.

बळ कमी पडतंय की तंत्र, हे वहीतले आकडेच सांगतात. फ्रंट स्क्वॉट १०० आणि क्लीन ६०, म्हणजे स्क्वॉटवर आणखी दहा किलो चढवून काही होणार नाही. स्नॅच हा क्लीन अँड जर्कच्या साधारण ८० टक्के असावा, असा एक ढोबळ हिशेब आहे, पण तो ढोबळच. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूचे आकडे ८७ आणि ११५, म्हणजे ७६ टक्क्यांच्या आत. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅच ११३ आणि क्लीन अँड जर्क १३५ असा २४८चा पल्ला गाठला, म्हणजे जवळजवळ ८४ टक्के. त्याच दिवशी १३९ उचलताना त्याचं कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. अंगात इतकं मुरलेलं असतानाही बार डोक्यावर असताना असं होऊ शकतं. बार फसला की वाचवायला जाऊ नका. सोडा आणि बाजूला व्हा. हे सोडणंसुद्धा रिकाम्या बारने शिकून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी रबरी प्लेटा व जाड मॅट असलेली जागा शोधावी लागते.

मला ते ४० किलो परत उचलायला चार महिने लागले. बार आला, मी खाली गेलो, तो डोक्यावर बसला. मालक काउंटरवर पावती फाडत होते, त्यांनी मानही वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात जर्क, आणि पाय फाकवताना कुठला पुढे टाकायचा ते.