४८ पॉइंट, एक ट्रॉफी आणि जाळ्यांच्या शेडमधला वाद



बंदी आता संपत आली. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस होड्या बांधून ठेवायच्या, इंजिनं उघडायची, रंग काढायचा, जाळी दुरुस्त करायची. हात कामात असतात, पण तोंड मोकळं असतं. या दोन महिन्यांत आपल्या शेडमध्ये सगळ्यात जास्त बोलणं कशावर झालं असं कोणी विचारलं तर उत्तर डिझेलची सबसिडी नाही, बर्फाचा दरही नाही. एफसी गोवाचा २०२४-२५ चा सीझन. एप्रिलमध्ये सुरू झालेला वाद जुलै संपला तरी मिटलेला नाही. दोन-तीन ठिकाणी तर तो फुटबॉलपुरता राहिला नाही, म्हणून या विषयावर पेजवर लिहावं असं आम्हाला वाटलं.

जे फुटबॉल बघत नाहीत (असे थोडे आहेत, पण आहेत) त्यांच्यासाठी आधी हिशेब सांगतो.

आयएसएलच्या लीगमध्ये गोव्याच्या २४ मॅच झाल्या. १४ जिंकल्या, ६ बरोबरीत, ४ हरल्या. ४८ पॉइंट, दुसरा नंबर. पहिला मोहन बागान, ५६ पॉइंट. तिसरा बेंगळुरू, ३८ पॉइंट. म्हणजे आपण बेंगळुरूच्या १० पॉइंट पुढे. नोव्हेंबरात फातोर्ड्यावर त्यांना ३-० हरवलंही होतं. पण सेमीफायनल त्यांच्याशीच पडली. २ एप्रिलला बेंगळुरूत ०-२ हरलो. ६ एप्रिलला, रामनवमीच्या रात्री, फातोर्ड्यावर २-१ जिंकलो. दोन्ही मॅच मिळून ३-२ असे तेच पुढे गेले आणि आपण बाहेर. मग महिन्याभरात भुवनेश्वरला सुपर कप झाला. त्याच्या सेमीफायनलला मोहन बागानला ३-१ आणि ३ मे रोजी फायनलला जमशेदपूरला ३-० हरवून कप आपण आणला. २०१९ नंतर हा दुसरा सुपर कप. तोपर्यंत दोनदा हा कप जिंकलेला दुसरा क्लब नव्हता.

एवढ्यावर आता चार वाद आहेत.

पहिला वाद: सीझन चांगला की वाईट?

एक गट म्हणतो, चांगला. २४ मॅचमध्ये फक्त ४ हार, वर ट्रॉफी, अजून काय पाहिजे? मोहन बागान आख्ख्या लीगमध्ये दोनच वेळा हरलं, त्यातली एक मॅच डिसेंबरात फातोर्ड्यावर, २-१. दोन्ही गोल ब्रायसन फर्नांडिसचे. असा संघ वाईट कसा?

दुसरा गट म्हणतो, टेबलावरचे पॉइंट वहीत राहतात. २०१४ पासून आयएसएल चालू आहे, आणि आयएसएल कप एकदाही गोव्यात आला नाही. २०१५ ची फायनल आपल्याच मैदानात, चेन्नईयिनकडून २-३. २०१९ ची फायनल मुंबईत, बेंगळुरूकडून ०-१, एक्स्ट्रा टाइममध्ये. २०१९-२० ला लीगमध्ये पहिले आलो, पहिलंवहिलं शील्ड मिळालं, आणि सेमीफायनलला पुन्हा चेन्नईयिनने बाहेर काढलं, दोन मॅच मिळून ५-६. २०२४-२५ ला तेच. सुपर कपचं विचाराल तर म्हणतात, बागानने तिथे बहुतेक राखीव पोरं खेळवली, त्याचं कौतुक कशाला?

यावर आमचं मत सांगतो, पटलं तर घ्या. होडीचा हिशेब आपण हंगामाच्या शेवटी करतो. एका फेरीला टोपल्या भरून बांगडा आला म्हणून कोणी मालक श्रीमंत होत नाही, आणि एका फेरीला डिझेलसुद्धा सुटलं नाही म्हणून कोणी होडी विकत नाही. या मापाने ४८ पॉइंटचा सीझन चांगलाच. पण दुसऱ्या गटाच्या बोलण्यातही खरं आहे. दहा महिने नीट चाललेलं इंजिन दर वर्षी ऐन मोक्यावरच बंद पडत असेल, तर त्याला नशीब म्हणून सोडून देता येत नाही. मिस्त्रीला बोलावून बघावंच लागतं.

दुसरा वाद: ९२ वं मिनिट

६ एप्रिलची मॅच ज्यांनी बघितली त्यांना हे आठवण करून द्यायची गरज नाही. ०-२ ने मागे असताना बोर्हा हेरेराने ४९ व्या मिनिटाला गोल केला. ८८ व्या मिनिटाला आर्मांदो सादिकूने दुसरा. हिशेब २-२. एक्स्ट्रा टाइम नक्की असं धरून लोक पाणी प्यायला उठले. आणि ९२ व्या मिनिटाला सुनील छेत्रीने डोक्याने बॉल आत घातला. चाळीस वर्षांचा माणूस!

एक गट सगळा दोष बचावफळीला देतो. छेत्री गोलसमोर मोकळा सुटतोच कसा? दुसरा गट म्हणतो, दोष पहिल्या मॅचचा. बेंगळुरूत संदेश झिंगनकडून आपल्याच गोलमध्ये बॉल गेला, मग एडगर मेंडेझने दुसरा मारला. ती दोन गोलांची उधारी घेऊन घरी आलो नसतो तर ९२ वं मिनिट आलंच नसतं.

शेडमधल्या एका जुन्या तांडेलांचं बोलणं आम्हाला पटलं. ते म्हणाले, "जाळं भरलेलं दिसलं की खलाशी हसायला लागतात. मासळी डेकवर पडेपर्यंत हसायचं नसतं. ८८ व्या मिनिटाला आपली पोरं हसली." एवढंच बोलले आणि सुई परत हातात घेतली.

तिसरा वाद: दोन होड्या, एक तांडेल

हा वाद सगळ्यात गरम. मानोलो मार्केझ २०२४-२५ च्या सीझनला दोन कामं करत होते. एफसी गोवाचे कोच आणि जुलै २०२४ पासून भारतीय संघाचेही कोच. भारताच्या ८ मॅच त्यांच्या हाताखाली झाल्या. जिंकली एकच, मार्चमध्ये मालदीवविरुद्ध ३-०. बांगलादेशशी शिलाँगला ०-०, १० जूनला हाँगकाँगकडून ०-१. जुलै २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी भारतीय संघ सोडला. त्यानंतर ते गोव्याकडेच राहिले.

विरोधक म्हणतात, दोन होड्यांवर एक तांडेल कसा चालेल? एकीचं सुकाणू धरलं की दुसरी खडकावर. समर्थक म्हणतात, मग गोव्याची होडी कुठे बुडाली? दुसरा नंबर आणि कप. बुडाली ती भारताची.

आणि यात एक गंमत आहे, ती दोन्ही गटांना मान्य आहे. छेत्री जून २०२४ मध्ये देशाच्या संघातून निवृत्त झाला होता. गोल करणारा कोणी मिळेना म्हणून मार्चमध्ये त्याला परत बोलावलं, ते मानोलोच्याच वेळी. मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. आणि तीन आठवडे झाले नाहीत तोच त्याने फातोर्ड्यावर येऊन मानोलोच्याच संघाला घरी बसवलं. एका मावशीने मासे कापता कापता म्हटलं ते असं: "ज्याला जेवायला बोलावलं त्यानेच हंडी पळवली."

चौथा वाद: आपले आणि बाहेरचे

इथे जरा थांबून वाचा, कारण हा वाद आपल्या घरापर्यंत आला.

हरल्यावर काही जण म्हणू लागले, संघात बाहेरचेच फार. स्पेनचे, अल्बानियाचे, सर्बियाचे, पंजाबचे, मणिपूरचे. गोव्याची पोरं किती? ब्रायसनकडे बघा, ७ गोल, लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. अशी पोरं आपल्या गावागावात आहेत, त्यांना घ्या. साळगावकर, धेंपो, चर्चिल यांच्या काळात आपल्या पोरांवरच तर देशाचे किताब आले. धेंपोने एकट्याने पाच आणले.

यात दुखणं खरं आहे. २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हापासून आपल्या पोरांना मोठ्या मैदानावर जायच्या वाटा कमी झाल्या. ब्रँडन फर्नांडिससारखा खेळाडू २०२४ ला मुंबईला गेला. यावर बोलायलाच पाहिजे.

पण दुसरी बाजूही बघा. कोलकात्याला ईस्ट बंगालविरुद्ध ३-२ जिंकलो तेव्हा तिन्ही गोल बोर्हाचे. सुपर कपच्या फायनलला दोन बोर्हाचे, एक डेजान ड्राझिचचा. तेव्हा "बाहेरचे" असं कोणी म्हटलं नाही, फटाके लावले. आणि २०२४-२५ ला शील्ड आणि कप दोन्ही जिंकलेल्या मोहन बागानमध्ये लिस्टन कुलासो होता, आपल्या सासष्टीचा. कोलकात्यात तो बाहेरचाच. आपल्या किती घरांतली पोरं परदेशी जहाजांवर आहेत ते आम्ही सांगायला नको. तिथे तीही बाहेरचीच.

आता घरची गोष्ट. आपल्या ट्रॉलरवर खलाशी कोण आहेत? बहुतेक ओडिशाचे, झारखंडचे, काही कर्नाटकचे. ३ मेच्या फायनलला झालं असं की मैदान ओडिशाचं, समोरचा संघ झारखंडचा आणि कप गोव्याला पाहिजे. शनिवारची रात्र होती. जेटीवर एकाच मोबाइलभोवती वीस-पंचवीस डोकी. झारखंडची पोरं जमशेदपूरच्या बाजूने ओरडत होती, आणि का ओरडू नये? त्यांचं गाव आहे. लीगमध्ये जमशेदपूरने आपल्याला फातोर्ड्यावर २-१ हरवलं होतं, त्यामुळे त्यांना जोरही होता. ओडिशाची पोरं कधी इकडे, कधी तिकडे. तिसरा गोल झाल्यावर झारखंडवाल्यांनीच चहा सांगितला. असं झालं तर फुटबॉल.

पण एका होडीवर असं झालं नाही. ६ एप्रिलच्या हारेनंतर बाहेरच्यांवरून सुरू झालेलं बोलणं "तुम्ही बाहेरचे लोक" इथपर्यंत गेलं, आणि ते मैदानावरच्या कोणाला नव्हतं, डेकवर जाळं ओढणाऱ्या दोघांना होतं. दोघे काही बोलले नाहीत. मेच्या शेवटी हिशेब घेऊन गावाला गेले आणि जाताना दुसऱ्या खलाशांकडे म्हणाले, ऑगस्टला आम्ही येणार नाही. जूनमध्ये ही गोष्ट संस्थेकडे आली. त्यातला एक जण सहा हंगाम त्याच होडीवर होता. रात्री अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात उतरणारा तो माणूस.

मालकांना आम्ही बोलावलं, बसून बोललो, आणि त्यांनी स्वतः फोन करावा असं सांगितलं. दुसऱ्याकडून निरोप नको. त्यांनी फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. तीन दिवसांनी उचलला. दोघांपैकी एक येतो म्हणाला आहे. दुसऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही, बहुतेक तो यंदा दुसऱ्या जेटीवर जाईल.

संघात कोणाला घ्यावं यावर हवं तितकं भांडा. स्थानिक पोरांना संधी मिळावी म्हणून आम्हीही भांडू. पण ते भांडण क्लबशी आणि फेडरेशनशी आहे. जो माणूस आपल्या होडीवर रात्र काढतो त्याच्याशी नाही.

आता पुढे काय?

सुपर कप जिंकल्यामुळे एफसी गोवाला एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या प्राथमिक फेरीत जागा मिळाली. ऑगस्ट २०२५ च्या मध्याला फातोर्ड्यावर ओमानच्या अल सीबशी मॅच ठरली होती. जिंकलं तर पुढच्या गटात आशियाचे मोठे क्लब होते.

पण आयएसएलचं काय? ११ जुलै २०२५ ला आयोजकांनी क्लबना कळवलं की २०२५-२६ चा सीझन तूर्त थांबवला आहे. फेडरेशनशी २०१० साली केलेला त्यांचा १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता, आणि पुढचं तेव्हा ठरलेलं नव्हतं. खेळाडू, मैदानावर काम करणारे, बाहेर चहा-पाव विकणारे, सगळे तेव्हा वाट बघत होते.

आपल्या लोकांना हे समजायला वेळ लागू नये. आपली बंदी ६१ दिवसांची असते, पण शेवटची तारीख माहीत असते. १ ऑगस्ट भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसतो म्हणून माणूस उधारी काढून जाळी घेतो, इंजिनाला पैसे घालतो. तारीखच नसेल तर मालकाने काय करायचं आणि खलाशाने कुठे जायचं? ज्यांच्या पासवर आणि गोलवर आपण भांडलो, ती पोरं तेव्हा त्याच जागी उभी होती. म्हणून शेडमधल्या सर्व गटांना एक विनंती. मॅचच्या दिवशी फातोर्ड्याला जा. ब्रायसनसाठी जा, बोर्हासाठी जा, नाहीतर मानोलोला शिव्या घालायला जा, पण जागा रिकामी ठेवू नका.

१ ऑगस्टच्या आधी सर्व मालकांनी खलाशांची ओळखपत्रं आणि लाइफ जॅकेटं तपासून संस्थेत नोंद करावी. खलाशी अजून गावाहून आले नसतील तर स्वतः फोन करा, तिकिटाचं विचारा. आणि वरच्या चार वादांत तुम्ही कोणत्या गटात आहात ते खाली लिहा. भाषा मात्र घरात बोलतो तशी ठेवा, आपल्या घरातली मुलंही हे पेज वाचतात.

सर्वांना येणाऱ्या हंगामाच्या शुभेच्छा.