दुधाच्या दातातील मूलपेशी

आमच्या वसतिगृहात मुलांचे दुधाचे दात पडतात आणि आम्ही ते टाकून देतो. त्यांच्या गरात मूलपेशी असतात, हे अमेरिकी संशोधकांनी २००३ साली दाखविले.

सपाट पात्रात या पेशी एकाच थरात पसरतात. शरीरात त्या चहूबाजूंनी परस्परांना बिलगलेल्या असतात. म्हणून संशोधक त्या न चिकटणाऱ्या खोलगट पात्रात वाढवितात. तेथे त्या एकत्र येऊन सूक्ष्म गोळा बनवितात व स्वतःचे आधारद्रव्य निर्माण करतात. परस्परांच्या आधारानेच सारे उद्भवते, हा तथागतांचा बोध येथे आठवतो. गोळा फार वाढल्यास मात्र मध्यभागी प्राणवायू पोहोचत नाही व तेथील पेशी मरतात.

अशा गोळ्यांपासून दातातील मृत गर पुन्हा घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत. संपूर्ण जिवंत दात अद्याप देता येत नाही. कायमचा दात एकदाच येतो, म्हणून रात्री दात घासल्याविना कोणी निजू नये.