थंडीतले पाहुणे आणि पाखरांचा वाटा

पुणे-बंगळुरू महामार्गालगतची शिरोली एमआयडीसी ओळखली जाते ती फाउंड्री उद्योगामुळे. वसाहतीच्या आसपास मात्र पंचगंगेच्या खोऱ्यातील उसाची शिवारे आहेत. हिवाळ्यात पक्ष्यांना आधार मिळतो तो तेथे.

उत्तरेकडील प्रदेश गोठू लागले की कीटक दिसेनासे होतात. पक्ष्यांना दक्षिणेकडे लोटते ती थंडीपेक्षा भूक. जेमतेम 20 ग्रॅम वजनाचा धोबी ऑक्टोबरच्या सुमारास महाराष्ट्रात येतो आणि शेपटी हलवीत ओलसर जमिनीवरील किडे टिपतो. मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्या ज्वारीच्या कणसांवर तुटून पडतात. पण त्याच टोळ आणि अळ्याही फस्त करतात.

लहान पक्ष्याच्या शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. रात्रभर ही ऊब टिकवायची, तर दिवसा पोटभर खाणे अटळ ठरते. ऊसतोडीनंतर उघड्या पडणाऱ्या किड्यांवर गायबगळ्यांची पंगत बसते ती यामुळेच. पाचट पेटविल्यास हे अन्न जळून जाते. शेतातच कुजविल्यास जमिनीला सेंद्रिय खत आणि पाखरांना किडे मिळतात.

सुगीनंतर वळचणीला भाताच्या लोंब्या टांगण्याची आपल्याकडील जुनी पद्धत हा कृतज्ञतेचाच भाग होता. रात्रपाळीनंतर मिळणाऱ्या गरम चहाचे मोल कामगार जाणतो. मूठभर दाणे, पसरट भांड्यातील पाणी आणि न पेटविलेले पाचट, एवढ्यावर पाखरांचा हिवाळा सुसह्य होतो.